बहात्तराव्या रकान्यापुढे

शामराव गजभियेंना एकूण अकरा भाषा येत. पैकी मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि ऑफिसपुरती इंग्रजी या चार माणसांशी बोलायच्या. उरलेल्या सात मशीनशी. रायपूरच्या एका सरकारी महामंडळाच्या संगणक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि मशीनच्या भाषेत आपली एकही चूक कधी कोणाला सापडली नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. माणसांच्या भाषांत मात्र जरा ओढाताण व्हायची. मशीन विचारल्याशिवाय बोलत नाही, सांगितलं तेवढंच करतं आणि कधी रुसून बसत नाही. घरच्यांकडूनही त्यांची साधारण हीच अपेक्षा असे.

गेल्या चैत्रात त्यांची बायको कलावती गेली. चार दिवस ताप, तीन दिवस दवाखाना, आणि संपलं. सगळं आटोपल्यावर मुलगी साक्षी आईची पेटी आवरायला बसली, तेव्हा शालींच्या खाली एक पुठ्ठ्याचा डबा निघाला. झाकणावर कलावतीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'हजेरी. गजभिये साहेबांसाठी. ३१ मार्च १९८८.' आत दोनशे बारा पंचकार्डं होती.

पंचकार्ड म्हणजे वीतभर लांबीचं जाड कागदाचं कार्ड. त्यावर ऐंशी रकाने, आणि रकान्यात भोकं पाडून एकेक अक्षर उमटवायचं. शामराव प्रोग्राम कागदावर लिहीत, आणि पंचरूममध्ये बसलेल्या सहा बाया तो खटाखट कार्डांवर उतरवत. एका कार्डावर एक ओळ. त्या सहांपैकी एक कलावती. लग्नानंतरही ती ऑफिसात त्यांना साहेबच म्हणायची, आणि ते तिला 'मॅडम, लवकर' एवढंच म्हणायचे.

आणि ३१ मार्च १९८८ ही तारीख शामराव विसरणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी पंचरूमला कुलूप लागलं. टीव्हीसारखे टर्मिनल आले होते, प्रोग्राम सरळ पडद्यावर लिहिता येत होता, भोकं पाडायला कोणी नको होतं. सहाही बायांची बदली बीरगांवच्या भांडारात झाली, आणि पोटात साक्षी असलेल्या कलावतीनं ती न स्वीकारता राजीनामा दिला. पंचरूम बंद करावी, अशी शिफारस करणाऱ्या कागदावर सही होती शामराव गजभिये यांची. ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. कलावतीनं कधी विचारलं नाही. सदतीस वर्षं दोघांनी ताटाला ताट लावून जेवण केलं आणि ही गोष्ट मधल्या वाटीत तशीच झाकून राहिली.

तिला माहीत होतं का? एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. हजेरीचा प्रोग्राम तोवर टर्मिनलवर चढलेला होता, ती कार्डं कोणालाही नको होती. तरी शेवटच्या दिवशी बसून तिनं दोनशे बारा कार्डं नव्यानं पंच केली, त्यांचं नाव घातलं आणि पेटीच्या तळाशी ठेवली. काहीतरी असणार त्यात.

आता इथे शामरावांची पंचाईत झाली, आणि ती पंचाईत त्यांच्यासारख्याच माणसाची होऊ शकते. पंच करणाऱ्या मशीनला शाईची फीत असे, ती कार्डाच्या माथ्यावर अक्षरं छापी. कलावतीच्या मशीनची फीत सुकली होती. नव्या फितीचा मागणीअर्ज १९८४ साली गेला होता, आणि मंजूर होऊन आला तेव्हा मशीनच भंगारात गेली होती. म्हणजे कार्डांवर नुसती भोकं. आणि भोकं वाचता येणं हे शामरावांनी उभ्या नोकरीत शिकून घेतलं नव्हतं. ते खालचं काम. कलावती कार्ड उजेडासमोर धरून भाजीचा भाव सांगावा तशी ओळ वाचून दाखवायची. साहेबांना गरजच कुठे होती?

ओट्यावर बसणारे शेजारी यशवंतराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं मत असं, की जगातली कुठलीही गोष्ट अर्जानं सुटते.

"गजभिये, तुमच्या जुन्या ऑफिसच्या स्टोअरमधे कार्ड वाचायची मशीन पडली असन. अर्ज करा. मी लिहून देतो."

"यशवंतराव, ते सगळं भंगारात गेलं असन."

"भंगारात गेलं त भंगारात गेलं म्हणून उत्तर येईन. ते बी कागदच होते ना!"

अर्ज यशवंतरावांनी लिहिला, आणि सवयीनं त्यात एक भारदस्त वाक्य घातलं : 'सदर कार्यालयीन कार्डे आजरोजी आमच्या ताब्यात आहेत.' वीस दिवसांनी उत्तर आलं. मशीनबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. कार्यालयीन दस्तऐवज सदतीस वर्षं खासगी ताब्यात कसा राहिला, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा, असं होतं. ज्या माणसानं आयुष्यात ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही, त्याला एकाहत्तराव्या वर्षी चोरीचा खुलासा लिहावा लागला. यशवंतरावांना मात्र फार वर्षांनी इतकं ताजंतवानं वाटत होतं. "आता पाहा, प्रकरण चाललं!" ते म्हणाले.

मग शामराव स्वतः गेले. तिथल्या बाबूनं भैया-भैया करत बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "अंकल, ये पंचकार्ड क्या होता है? राशन कार्ड टाईप?" शामरावांनी डब्यातलं एक कार्ड काढून दाखवलं. बाबूनं ते उलटंपालटं केलं, "अच्छा, डिज़ाइन वाला" म्हणाला आणि फाईलवर 'सामग्री अनुपयोगी, प्रकरण समाप्त' असा शेरा मारला. खुलाशातून सुटका झाली, पण शामरावांना ते 'अनुपयोगी' घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

दुसरा सल्ला शेजारच्या सरिताचा. सरिता छत्तीसगढी, घरचं कूलर-पंख्यांचं दुकान, आणि कलावतीशी भिंतीवरून रोज बोलणं. "पंडरी में बड़ा वाला कंप्यूटर क्लास है ना काका, ऊपर में. वहाँ सब भाषा सिखाथें. जाके पूछ लो."

पंडरीच्या कापडबाजारात, साड्यांच्या ठोक दुकानाच्या वरच्या माळ्यावर हा क्लास होता. संचालक पस्तिशीतला, पंचकार्ड त्यानं पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याला समजावता समजावता शामराव शिकवायच्याच आवाजात गेले. आधी मशीनला फक्त आकडे कळायचे, ते म्हणाले, माणसानंच मशीनच्या बोलीत बोलायचं. मग छोटे शब्द आले. मग शास्त्रज्ञांच्या गणितासाठी फोरट्रान, आणि ऑफिसच्या कामासाठी कोबोल. कोबोल म्हणजे जवळपास साधी इंग्रजी वाक्यं, शेवटी पूर्णविरामासकट. तेव्हा साहेब लोक म्हणाले, आता प्रोग्रामर लागणारच नाही, मॅनेजर स्वतः मशीनला सांगेल. "आजपर्यंत एका मॅनेजरनं सांगितलं नाही," शामराव म्हणाले. "पण प्रत्येक नवी भाषा आली की कोणाची तरी खोली रिकामी होते. पहिले पंचरूम झाली. दोन हजार तीन साली माझी झाली, मला रेकॉर्ड सेक्शनला टाकलं."

"वाह अंकल!" संचालक भारावून म्हणाला. "आप तो इतिहास हो. एक फोटो?"

शामरावांना वाटलं, आठवण म्हणून काढतोय. चार दिवसांनी पंडरीच्या चौकात फलक लागला. त्यावर शामराव, डोळे अर्धे मिटलेले, हातात भोकांचं कार्ड, आणि खाली : '७१ की उम्र में पाइथन! तो आप क्यों नहीं?' अख्ख्या पाऱ्यानं, म्हणजे मोहल्ल्यानं, तो पाहिला. गोल बाजारातला भांडेवाला स्टीलच्या डब्यासोबत अभिनंदन देऊ लागला. यशवंतरावांनी फलक उतरवण्यासाठी अर्जाचा मसुदा केला. शामरावांनी तो फाडला; इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच अर्ज फाडला होता.

साक्षी हे सगळं पाहत होती. ती स्वतः प्रोग्रामर, नवा रायपूरच्या एका कंपनीत. तिच्या मजल्यावरची निम्मी माणसं गेल्या वर्षात कमी झाली होती, कारण आता मशीनला साध्या बोलण्यात सांगितलं तरी ते प्रोग्राम लिहून देतं. उरलेली घरून काम करत. मराठी तिला सगळी कळे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"बाबा, मुझे दो. मैं फ़ोटो डाल के पढ़वा देती हूँ."

तिनं फोटो टाकला. मशीननं क्षणात उत्तर दिलं : ही एक सुंदर पारंपरिक विणकामाची नक्षी असून ती बहुधा टेबलक्लॉथसाठी वापरली जाते. साक्षी खळखळून हसली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. शामरावही हसले. 

"अच्छा, दस मिनट दो, मैं ढंग का प्रोग्राम लिखती हूँ," ती डोळे पुसत म्हणाली. "छेदों का चार्ट मिल जाएगा इंटरनेट पे."

"तक्ता दे," शामराव म्हणाले. "प्रोग्राम नको. मी वाचतो."

"काहून?" साक्षीच्या तोंडून मराठी निघालं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"मले शिकू दे. ते तुझ्या आईले येत होतं."

तक्ता अगदी सोपा निघाला. रकान्यात एक भोक म्हणजे आकडा. दोन भोकं म्हणजे अक्षर. के म्हणजे वर दुसऱ्या ओळीत एक आणि खाली दोनवर एक. एका सकाळी चहा व्हायच्या आत पाठ झाला. उभ्या नोकरीत ज्याला खालचं काम म्हटलं ते एका चहाचं होतं, याची शामरावांना फार लाज वाटली.

पण वाचायला बसणार, तोच यशवंतरावांनी कार्डं हातात घेऊन वास घेतला. "कसर लागली आहे गजभिये. ऊन दाखवा. आमच्या कचेरीत जमिनीचा खसरा असाच वाचवला होता."

वैशाखातलं रायपूरचं ऊन. गच्चीवर चादर, चादरीवर दोनशे बारा कार्डं, कडेनं विटा. दुपारी चारला अंधड आलं. रायपूरचं अंधड काही सांगून येत नाही. आधी पिवळी धूळ, मग पत्रे, आणि मग जे हलकं असेल ते सगळं. शामराव लुंगी सावरत गच्चीवर पोचेतो कलावतीची कार्डं पाऱ्याभर उडत होती. ते जिन्यावरच बसले. "कला, थांब ना," असं ते मोठ्यानं म्हणाले आणि सरितानं भिंतीवरून ते ऐकलं.

त्यानंतर तीन दिवस पारा कार्डं आणून देत होता. नालीतून, बाभळीतून, कुल्फीवाल्याच्या गाडीवरून. कोणी पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं परत केलं, कोणी धुऊन, कोणी इस्त्री करून. यशवंतराव स्वतः गुडघे धरत नालीत उतरले आणि कोणाशीही अर्जाबद्दल बोलले नाहीत. दोनशे अकरा परत आली.

क्रम मात्र गेला होता. त्यावर इलाज असायला हवा होता, कारण कोबोलचं मशीन बहात्तराव्या रकान्यापर्यंतच वाचतं. पुढचे आठ रकाने, त्र्याहत्तर ते ऐंशी, त्याच्या लेखी नसतातच. शामरावांच्या विभागाचा नियम होता की तिथे कार्डाचा नंबर पंच करायचा, म्हणजे कार्डं सांडली तरी परत लावता येतात. शामरावांनी एक कार्ड उचललं, नंबर पाहायला उजवीकडे सरकले आणि थबकले. नंबरला रकान्यात एकेक भोक हवं. इथे दोन-दोन होती.

कलावतीनं नंबर घातलेच नव्हते. मशीन जिथे बघत नाही तिथे तिनं काहीतरी लिहिलं होतं.

आठ-आठ अक्षरं, रोमन लिपीत, शब्द कुठेही तुटलेले. एकेकटं कार्ड वाचून काही लागेना. क्रम लावायला एकच रस्ता होता : आधी प्रोग्राम लावायचा, म्हणजे पुढचं आपोआप लागेल. आणि तो प्रोग्राम ज्यानं लिहिला होता तोच लावू शकत होता. त्यांनी कपाटातून स्वतःच्या हस्ताक्षरातली १९७९ सालची पिवळी पानं काढली, जपून ठेवलेली, कारण हा प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला होता आणि ही गोष्ट त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली होती.

आठ दिवस बैठकीच्या फरशीवर कार्डं लागत होती. तिसऱ्या दिवशी एक गंमत दिसली. पानावर ओळीच्या शेवटी पूर्णविराम नव्हता, कार्डावर होता. पुढे पुन्हा तसंच. कोबोलमध्ये पूर्णविराम चुकला की अख्खा हिशोब कोसळतो. प्रोग्राम चालतच नाही. शामरावांनी मोजले. अकरा. अकरा ठिकाणी ते विसरले होते आणि अकरा ठिकाणी पंच करताना कोणीतरी मुकाट्यानं दुरुस्त करून टाकलं होतं. पहिल्या फटक्यात चाललेला तो प्रोग्राम!

"बाबा, मम्मी ने कभी बताया नहीं?" साक्षीनं विचारलं.

"नाही," शामराव म्हणाले. "मी विचारलं बी नाही." मग त्यांनी त्या अकरा कार्डांवर हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या पाठीवर फिरवतात.

नवव्या दिवशी उजवीकडचे रकाने सलग वाचता आले. साक्षी वहीत उतरवून घेत होती, शामराव एकेक अक्षर सांगत होते. सुरुवातीला साधंच होतं. की पंचरूमचा पंखा आजपण गरगर करून राहिला आहे. की फीत काही आली नाही. की तुमचा दोन आणि झेड सारखाच दिसते, मी अंदाजानं करत होते. की आज डब्यात मेथी होती, तुम्ही टर्मिनल पाहाले गेले, डबा तसाच. की आम्ही सहाजणी खूप हसलो आज, शेवटचा दिवस म्हणून, मग शांताबाई रडली, मग सगळ्या. की पोट्टी झाली त तिचं नाव साक्षी ठेवायचं.

साक्षीची पेन्सिल थांबली. "बाबा, मेरा नाम तो आपने रखा था ना?"

"मले वाटलं मीच ठेवलं," शामराव म्हणाले. "लिही."

मग ती ओळ आली. शामरावांनी अक्षरं सांगितली आणि चष्मा काढून ठेवला, तेव्हा साक्षीनंच वहीतून जोडून वाचली. आईची मराठी, आईच्या ढंगात, तिनं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटली :

"तुमी सही केली ते मले मालूम हाय. कागद मीच टाईप केला होता. मले विचारलं असतं त मी हव म्हटलं असतं. ज्या दिवशी तुमाले हे वाचता येईल त्या दिवशी मले."

आणि कार्डं संपली. दोनशे बारावं कार्ड नव्हतं.

मले काय? माफी मागा? बोलू नका? जाऊ द्या? आठ अक्षरांत माणूस काय काय लिहू शकतो, याची शामरावांनी यादी केली आणि ती फार लांब झाली. ते स्वतः पाऱ्यातल्या प्रत्येक दारी गेले. पंडरीच्या फलकावरचा माणूस दारोदार भोकांचं कार्ड मागतोय म्हणून लोक हळहळले आणि आतून राशनकार्डं, लग्नाच्या पत्रिका, एकानं तर आधारसुद्धा आणून दाखवलं. यशवंतरावांनी रोज नाली पाहिली. एकदा शामराव म्हणाले, "राहू द्या आता," आणि यशवंतराव म्हणाले, "तुम्ही बसा. मी पाहतो."

जूनच्या सुरुवातीला सरितानं कूलर धुवायला काढला. एका पायाखाली, खडखड होऊ नये म्हणून, तिच्या नवऱ्यानं दुमडून घातलेलं काहीतरी होतं. ती ओल्या हातानंच भिंतीपाशी धावत आली. "काका! मिल गे! हव, यही तो है!"

कार्ड फुगलं होतं, मधोमध घडी पडली होती, पण उजवी कड शाबूत होती. शामरावांनी ते खिडकीच्या उजेडासमोर धरलं, कलावती धरायची तसं. तक्ता लागला नाही. एस. ए. एन. जी. जे. ए. आणि दोन रकाने कोरे.

"सांगजा," ते म्हणाले.

ज्या दिवशी तुमाले हे वाचता येईल त्या दिवशी मले सांगजा.

एका सकाळच्या चहाएवढं काम होतं ते. सदतीस वर्षांत अशा सकाळी किती आल्या असतील. ती समोर बसून चहा ओतत होती आणि डबा पेटीत होता. कोणत्याही एका सकाळी त्यांनी म्हटलं असतं, कला, ती भोकं कशी वाचतात गं, तर तिनं त्यांना शिकवलं असतं आणि मग पेटी उघडली असती. तिनं वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही.

शामराव उठले, आतल्या खोलीत गेले. भिंतीवर कलावतीचा फोटो होता. ते कार्ड हातात घेऊन फोटोसमोर उभे राहिले, ऑफिसात एखाद्या वरिष्ठासमोर उभं राहावं तसे, पाय जुळवून.

"मॅडम," ते म्हणाले. मग म्हणाले, "कला. वाचलं."

दारात साक्षी उभी होती. ती आत आली, बापाच्या हातातून कार्ड घेतलं, उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "बाबा, मले बी शिकवा ना."